तात्यांनी उचललेला कप

पाथरी, माघ वद्य तृतीया. दिवेलागण.

आज सुमनला मागणी घालायचीच म्हणून तिच्या घरी गेलो. तिचे वडील तात्या चीनमध्ये नोकरी करून आलेले. विचारणार, तर त्यांचं चीनपुराण सुरू.

"तिकडं पाहुण्याला जा म्हणत न्हाईत. यजमानानं चहाचा कप उचलला की पाहुणा उठतो."

आणि त्यांनी कप उचलला.

माझं डोकं फिरलं. तसाच उठलो. दारात सुमन म्हणाली, "अवो, चहा ठेवून कुठं चाललाव?"

माझ्यासारख्या कॉलेज सोडलेल्याला मुलगी नाही, हेच सांगितलं का? का नुसता त्यांचा घसा कोरडा पडला होता? कप उचलताना माझ्याकडं बघत होते... का बाहेर?

आपल्याकडं मुलीच्या घरचा चहा न पिता उठणं म्हणजे सोयरीक नको. मग नकार त्यांनी दिला, का मीच देऊन आलो?