कुसुमचा कान

९ फेब्रुवारी १९५६
मिलमध्ये धान सडायचे दोन्ही हलर चालू, कानठळ्या बसवणारे. दिवसभर बोलणं ओठांवरून नि हातवाऱ्यांवरून, नेहमीसारखं. घरी मुर्रीला आलो तर गुरुजींचा निरोप: कुसुम वर्गात हट्टाने गप्प बसते, हाकेला ओ देत नाही, अशाने दुसरीतच राहील. सौ.ने तिला धपाटा घातला होता.
जेवताना पोरीकडे पाहिलं. बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर हलवत नाही. सौ.ने चुलीकडे तोंड फिरवलं की हिचा चेहरा कोरा. ही चलाखी मला चांगली ठाऊक आहे. हलरपाशी आम्ही सगळे हेच करतो.

१० फे.
तिच्या पाठीमागे पाटा आपटला. वळली. सौ. खूश. "पाहा, आयकते ना! उगाच जीव घाबरा करता." पण जमीन हादरली म्हणूनही वळली असेल. मग नुसतं नाव घेतलं, तीनदा. नाही वळली.
सौ. उठून पोरीपाशी गेली. तिला जवळ ओढून बसली.

१२ फे.
दिवाळीनंतर गोवर आला, तेव्हापासून कान वाहतात. आमच्या मिलचा रिवाज, कानात भुसा गेला की लसणीचं कोमट तेल. तेच मी पोरीच्या कानात रोज ओतत आलो. दोन महिने! वर मिलमध्ये सांगत सुटलो की मी स्वतः औषध करतो. वास यायला लागला तरी तेलच. शहाणा मी.

१४ फे., मंगळवार
गोंदियाला कानाचे डॉ. दर मंगळवारी नागपूरहून येतात. कु.ला घेऊन गेलो.
"तेल किसने डाला?"
"मैंने."
"बंद करो. पानी भी नहीं जाना चाहिए."
एवढंच. मी शिव्यांची तयारी ठेवून गेलो होतो.
मग दोन दातांचा लोखंडी काटा टिचकीने वाजवला. कानासमोर धरला, कु.ने मान हलवली, नाही. त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला तर डोळे एवढे मोठे! हसली. डॉ. म्हणाले, पडद्याला भोक आहे, पू आहे, आवाज वाटेतच अडतो. आतली नस चांगली आहे. कान कोरडे झाले तर भोक भरू शकतं. भरेलच असं नाही.
मग तोच काटा माझ्या कानाला लावला. मला न विचारता. माझं उलटं निघालं. हाडावरही नीट नाही.
"मिल में कितने साल?"
"अठरा."
"नस थक गई. ये वापस नहीं आएगी. जो बची है, सम्हालो." वर हसून म्हणाले, "तुम चिल्लाते हो, बच्ची फुसफुसाती है. मैं तो दरवाजे पर ही समझ गया था." नस गेलेला ओरडून बोलतो, पडदा फाटलेला हळू, म्हणे.
परत येताना लाज वाटेल इतका आनंद होत होता. नस गेली ती माझी, तिची नाही. देवा, वाटणी चोख केलीस. हात जोडतो.

१६ फे.
पेनिसिलिनची सुई रोज. कु. रडत नाही, माझा अंगठा पिळते.
गुरुजींना जाऊन सांगितलं. म्हणाले, "माह्यापाशीच बसवतो तिले, तोंडासमोर." भला माणूस.

२० मार्च
उजवा कान कोरडा. डावा अजून ओला.
सौ. रोज कापसाच्या बारीक वाती वळते, कान टिपते, वात जाळून टाकते. काल मध्येच रडली. "म्या मारलं जी तिले." मी म्हटलं, मी तेल ओतलं, तू एक धपाटा दिलास, जाऊ दे. बोडीच्या पाण्यात डुंबायला कु.ला बंदी. त्यावरून रोज रुसवा. रुसू दे बापडी.

१७ एप्रिल
डॉ.नी उजव्या कानात आरशाने पाहिलं. भोक भरलंय! त्यांच्या पायांना हात लावायला गेलो, त्यांनी मागे घेतले. डावा कोरडा झालाय, पण त्याचं भोक भरेल का, सांगता येत नाही. पावसाळा काढा म्हणाले. या पावसात पुन्हा वाहिला तर...
मालकाला विचारलं, पुढच्या हंगामात हलर सोडून वजनकाट्यावर बसवता का. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.
संध्याकाळी अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. कु. पाठमोरी बसून निवडत होती. मी दारातून ओरडलो, कोंबड्या हाकल! ती वळलीही नाही.
"बाबूजी, इतके काऊन ओरडता? आयकू येऊन राह्यलं ना मले!"
मग हळू बोललो तिच्याशी, पहिल्यांदाच. काय बोललो ते मलाच ऐकू आलं नाही. तिला आलं.