हिरवी वायर उरली

२ डिसेंबर
आजपासून रोजनिशी. थोडक्यात लिहायचं आणि खरं लिहायचं.
आई जानेवारीत आपल्याकडे राहायला येणार. इतकी वर्षं ती धाकट्या भावाकडेच असते. तिने माझ्याकडे राहावं असं मला फार वाटतं, पण तसं कधी बोलून दाखवत नाही. धाकट्याने फोनवर विचारलं, आईला आता खाली बसून अंघोळ जमत नाही, उभ्याने करायची तर गरम पाण्याचं तुझ्याकडे काय? म्हटलं, इलेक्ट्रिक शॉवर बसवतोय. हे मलाही तेव्हाच कळलं.

४ डिसेंबर
शॉवर आणला. वेगळी टाकी नाही, शॉवरच्या तोंडातच पाणी तापतं. ही म्हणाली, वायरमनला बोलवू. म्हटलं, मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो, अख्ख्या गाडीचं वायरिंग मला तोंडपाठ आहे. ही म्हणाली, गाडीत कुणी अंघोळ करत नाही. विषय वाढवला नाही.

७ डिसेंबर
बसवला. वायर जुन्या टेबलफॅनची वापरली. वायर चांगली होती, फॅनच वाईट होता. त्या वायरीत दोनच तारा, शॉवरमधून मात्र तीन आल्या. हिरवी उरली. नव्या कोटाला आतून जादा गुंडी शिवलेली असते, तशी कंपनीने दिली असणार. कापून ड्रॉवरमध्ये ठेवली.

संध्याकाळी ७
बटण दाबलं. घरभर अंधार. बोर्डातला ट्रिप स्विच पडला. वर केला. पुन्हा पडला. करंट कुठे गळाला की हा आपोआप पडतो, म्हणून गेल्या वर्षी धाकट्याने आग्रहाने बसवून घेतलेला. धाकट्याची वस्तू धाकट्यासारखीच, प्रत्येक कामात आडवी येणारी. रात्री मेणबत्तीत जेवलो. ही जे काही बोलली, ते मोठ्याने बोलली नाही.

८ डिसेंबर
सकाळी क्लासला निवृत्त मुख्याध्यापिका. रिकाम्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारला. काय दिसलं विचारलं तर म्हणाल्या, कुत्रं आडवं येईल असं वाटलं. त्यांना सांगितलं, ऊठसूट ब्रेक मारणं हा स्वभावदोष आहे. माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि माझा पाय कायम त्यावर असतो. हे शिकाऊंना जाणवू देत नाही. त्यांना वाटतं, गाडी आपणच सांभाळतोय. वाटू द्यावं.
घरी येताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ट्रिप स्विचचाही स्वभावदोषच आहे. त्याला काढून टाकला आणि वायर थेट जोडली. अर्थात मेन स्विच बंद करून. बेजबाबदारपणा मला खपत नाही.
शॉवर झकास चालला.

११ डिसेंबर
पाणी उत्तम. अंगाला बारीक मुंग्या येतात. रक्ताभिसरणाला चांगलं असावं. आईच्या गुडघ्यांना फरक पडेल.

१३ डिसेंबर
नळाला हात लावला की मुंग्या जास्त. सबब नळाला हात लावायचा नाही. नियम करून दारावर चिकटवला.
ही कुठूनशी टेस्टर घेऊन आली. नळाला टेकवला. दिवा लागला. म्हटलं, चला, टेस्टर चालू आहे म्हणायचा. ही स्वयंपाकघरात जाऊन मोठं पातेलं शोधू लागली.

१४ डिसेंबर
ही पातेल्यात पाणी तापवून बादलीनेच अंघोळ करते. सवय एकेकाची. नवीन गोष्ट पचायला वेळ लागतो.

१६ डिसेंबर
मला न विचारता हिने वायरमनला बोलावलं. त्याने बाथरूमच्या दारातूनच बघितलं, आत पाऊल टाकलं नाही. म्हणे, बोर्डापासून जाड वायरची नवी लाइन ओढा, अर्थिंग करा, ट्रिप स्विच परत लावा, तोवर त्या बटणाला हात लावू नका. काम वाढवून सांगायची या लोकांना खोडच असते. चहा पाजला आणि वाटेला लावला. ही त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि खूप वेळ काहीतरी विचारत होती.

१९ डिसेंबर
नवा नियम. अंघोळ रबरी स्लिपर घालूनच. मुंग्या निम्म्याने कमी. प्रश्न मुळापासून सुटला. दाराशी आईच्या मापाचाही जोड आणून ठेवला.
शॉवर चालू असताना भिंतीवरची वायर कोमट लागते. थंडीच्या दिवसांत बरंच आहे.

२२ डिसेंबर
एक गोष्ट लक्षात आली. मी अंघोळीला गेलो की ही पॅसेजमध्ये मेन स्विचखाली येऊन उभी राहते. हातात काम नाही, फोन नाही. नुसती उभी. आतून विचारलं, काय गं? म्हणाली, काही नाही, तुमचं चालू द्या. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि अजून नवऱ्याची अंघोळ होईपर्यंत बायको बाहेर ताटकळते. मन भरून आलं. शॉवरमध्ये एक गाणंही म्हटलं.

२९ डिसेंबर
भांडण. ही म्हणाली, आईंना मी त्या शॉवरखाली जाऊ देणार नाही. म्हटलं, आईसाठीच तर सगळा खटाटोप. ही म्हणाली, खटाटोप धाकट्या भावजींसाठी आहे, आई नुसती निमित्ताला. हे मनाला लागलं. बोलणं बंद.

३० डिसेंबर
बोलणं बंदच. तरी अंघोळीच्या वेळी येऊन उभी होती. मनातून वितळली आहे.

३ जानेवारी
आई आली. आल्या आल्या माझ्या गालावरून हात फिरवला आणि वाळलास म्हणाली. वजन वाढलंय, पण बरं वाटलं.
धाकटा सोडायला आला होता. त्याला शॉवर दाखवला. त्याने वायर बघितली, मग बोर्ड बघितला. ट्रिप स्विच कुठे गेला विचारलं. म्हटलं, सर्व्हिसिंगला दिलाय. त्याने बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, हे चालू करायचं नाही, मी सकाळी येऊन आईला परत घेऊन जातो. आईच्या कानावर गेलंच. ती म्हणाली, पोराने हौसेने बसवलंय, एक अंघोळ तरी करते आणि मग येते.
ठरलं. उद्या धाकटा यायच्या आत, आईच्या आधी मी. स्लिपर न घालता, नळ मुठीत धरून. शंकेला जागा नको.

४ जानेवारी, सकाळी ६
आई टॉवेल खांद्यावर टाकून दाराशी उभी. म्हटलं, थांब, आधी मी. ही धावत पॅसेजमध्ये गेली. तिला वाटतं माझं लक्ष नाही.

६ जानेवारी
डाव्या हाताने लिहितोय. उजवं मनगट प्लास्टरमध्ये, बोटं भाजलीत.
नळ धरला तो सुटेना. ओरडायचं होतं, आवाज फुटेना. मग एकदम अंधार झाला आणि मी फरशीवर आपटलो.
अंधार झाला म्हणजे मेन बंद झाला. म्हणजे हिचा हात आधीपासून त्यावर होता. रोजच असायचा.
डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर वाचला नसतात.
घाबरलो. रोजनिशीत लिहायला हरकत नाही, फार घाबरलो. माझ्यानंतर आईची पाळी होती.

७ जानेवारी
वायरमन आला. या वेळी आत आला. नवी लाइन, अर्थिंग, ट्रिप स्विच, सगळं करणार, दोन दिवस लागतील. शॉवर उघडून विचारलं, यातली अर्थिंगची हिरवी कुणी कापली? ड्रॉवर उघडून तुकडा त्याच्या हातात दिला. तो हसला नाही. ही हसली. आठवडाभरात पहिल्यांदा.
चार तारखेचं दवाखान्याच्या धावपळीत राहिलं, म्हणून धाकटा आज आईला न्यायला आला. बॅग त्याने उचललीसुद्धा. आई म्हणाली, "ठेव ती खाली. याचा हात बरा होईपर्यंत मी इथेच. याला अंघोळ कोण घालणार?"
धाकट्याने बॅग ठेवली.

८ जानेवारी
आई राहिली. तेव्हा बेत फसला असं कुणी म्हणू नये.
सकाळी हिने पातेल्यात पाणी तापवून आणलं. प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधली आणि मला स्टुलावर बसवलं. आई एका हाताने भिंत धरून उभी, दुसऱ्या हातात मग. पाणी फार कढत आहे असं मी सांगत होतो. उद्यापासून किती गार मिसळायचं ते मी ठरवून देईन, असंही म्हटलं.
आईने डोक्याला साबण लावला. म्हणाली, "गप बस. डोळे मीट."
मिटले.