राम्बाईची पाच मुलं

कांपुंग मेरांती, चेंडेरियांग
१४ मे २०१९

प्रिय अलोंग,

अस्सलामु अलैकुम. तुम्ही, वहिनी आणि मुलं सुखरूप असाल, रोजे नीट चालले असतील. इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. मक तेह आत्याचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे. या वयातही रोजे सोडत नाही, आणि दुपार झाली की भुकेचा सगळा राग माझ्यावर काढते. माझा रक्तदाब थोडा वर गेलाय. का, ते पुढे कळेलच.

पत्र बघून हसू नका. फोनवर लिहिलं की तुम्ही पहिली ओळ वाचता आणि अंगठा पाठवता. "वंशावळीत एक अडचण आहे, बोलायला हवं," असं मी गेल्या महिन्यात लिहिलं, त्यावरही अंगठा. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारणा: "झाली का वंशावळ? बॅनरवाला खोळंबलाय." म्हणून कागदावर लिहिते. कागदाला अंगठा दाखवता येत नाही.

हे काम मी मागितलं नव्हतं, एवढं आधी नोंदवून ठेवते. ईदनंतर सगळ्या घराण्याला गावी जमवायचं, अंगणात वंशावळ लावायची, ही कल्पना तुमची. "बुसू, तू रिटायर्ड मास्तरीण, तुला वेळच वेळ," असं म्हणून तुम्ही ते माझ्या गळ्यात मारलंत. आणि हवं काय, तर पणजी ओन्यांग सिती सुमात्राची राजकन्या, हे सगळ्यांना माहीतच आहे, फक्त ती कुठल्या बंदरात उतरली आणि गलबताचं नाव काय, तेवढं शोधून काढ!

मी मक तेहलाच विचारलं. आबांची ही बहीण लहानपणी ओन्यांगच्या कुशीत झोपायची, मग तिच्याहून जास्त कुणाला माहीत असणार?

"मक तेह, ओन्यांग कुठल्या बंदरात उतरली गं?"

"बंदर? अगं, तिला गुडघाभर पाण्याची भीती. नदी ओलांडायची तर डोळे मिटून माझा खांदा धरायची."

"मग सुमात्राहून आली कशी?"

"आली कुठे? आणली. डोंगरावरून. टोपलीत कोंबून, वर भाताचं पोतं टाकून. एवढीशी होती. आपला पंघुलू, गावचा प्रमुख, म्हणजे तुझा पणजोबा, माणसं घेऊन गेला होता वर, पोरं धरायला. तेव्हा जायचेच सगळे."

मी हातातली सुरी खाली ठेवली. म्हटलं, "एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं कुणी? तुझा भाऊ येतो, माझ्याशेजारी बसून फोटो काढतो, डुरियन खातो आणि जातो. राजकन्या हे तुझ्या आबाने काढलेलं. शाळेत मुलं चिडवायची म्हणून. मग सगळ्यांनाच ते आवडलं."

अलोंग, ओन्यांग सेमाई होती. वरच्या जंगलातली, आदिवासी. आपले वाडवडील त्या लोकांना ज्या शब्दाने हाक मारायचे त्याचा अर्थच गुलाम असा होतो, आणि तुमच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी तो शब्द अजून ऐकते. कायद्याने गुलामी बंद झाली होती असं मी स्वतः वर्गात पोरांना शिकवलंय. ती बंद झाल्याचं आमच्या पंघुलूंना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारी भ्रमिष्ट झाली. मलाही आधी तेच म्हणावंसं वाटलं. पण मग मला आपल्या केसांची आठवण झाली. वीज कडाडली की आई कात्री घेऊन आपल्यामागे धावायची, प्रत्येकाची एक बट कापून चुलीत टाकायची. केवढा वास सुटायचा! "सुमात्राच्या राजवाड्यातली रीत आहे," असं आबा सांगायचे, आणि तुम्ही ते तुमच्या लग्नात सासरच्यांनासुद्धा ऐकवलं होतंत. मी आमच्या दवाखान्यातल्या नर्सला विचारलं. जुलिता माझी जुनी विद्यार्थिनी, वरच्या सेमाई वाडीतली. ती म्हणाली, "बाई, हे तर आमच्याकडे प्रत्येक घरात करतात. तुमच्याकडे कसं काय?"

मग मी तिला पणजीची टोपलीतली गोष्ट सांगितली.

तिनेच मला तिच्या आजीकडे नेलं. जीपने निम्मी वाट, पुढे पायी. आम्ही वाडीत शिरलो तशी अंगणातली दोन पोरं पळाली आणि घराच्या खांबामागे लपली. जुलिता ओशाळून म्हणाली, "अनोळखी माणूस दिसला की पळायचं, असं अजून शिकवतात." आजीचं नाव वाह केलोह. ती माझ्याकडे पाठ करून टोपली विणत बसली होती. बराच वेळ वळलीच नाही. जुलिता आमचं बोलणं एकमेकींच्या भाषेत सांगत होती.

मी म्हटलं, "माझ्या पणजीला लहानपणी या डोंगरातून नेलं होतं."

ती विणता विणता म्हणाली, "पुष्कळ जणींना नेलं."

मग तिने तिच्या आजीची गोष्ट सांगितली. दोघी बहिणी बापाबरोबर फळं वेचायला गेल्या होत्या. माणसं आली. बाप आडवा आला तो तिथेच पडला. थोरलीने धाकटीला पडलेल्या झाडाच्या खोडाखाली ढकललं, वर पाला लोटला आणि स्वतः उलट्या दिशेला पळत सुटली. धाकटी वाचली. ती वाह केलोहची आजी. आमच्या घरात जंगलात पोरांना रडू देत नाहीत, ते तेव्हापासून, म्हणाली.

"थोरलीचं नाव काय होतं?"

"राम्बाई. त्या फळांच्या दिवसांत जन्मली म्हणून."

अलोंग, मी तिच्यापाशी ते नाव उच्चारलं नव्हतं. जुलितापाशीही नाही. मक तेहने मला आदल्याच दिवशी सांगितलं होतं: "सिती हे इथे ठेवलेलं नाव. अंधार पडला की माझ्या कानात म्हणायची, मी राम्बाई आहे, कुणाला सांगू नकोस."

मी ते बोलून दाखवलं तेव्हा म्हातारी पहिल्यांदा माझ्याकडे वळली. मला वाटलं रडेल, नाहीतर हाकलून देईल. तिने एवढंच विचारलं, "तिची मुलं तिच्याजवळ राहू दिली का?"

मी म्हटलं, हो तर, तीन मुलं होती, त्यातला एक माझा आजोबा. अगदी ठसक्यात सांगितलं. आपल्या वंशावळीत तीनच आहेत ना!

परत आल्यावर मक तेहला हे सांगितलं, तर ती भाजी निवडायची थांबली.

"पाच होती," म्हणाली.

पहिल्या दोघांना पंघुलूने आपलं म्हटलंच नाही. थोरली बायको जिवंत होती, तिच्या लेकीचं लग्न निघालं, तेव्हा ती दोन पोरं आंदण दिली. भांडी, बैल आणि दोन पोरं. पुढे थोरली बायको वारली, मग त्याने ओन्यांगशी निकाह लावला, आणि त्यानंतर झालेली ती "मुलं". आपण त्यातले.

ती दोन पोरं कुठे गेली ते लिहायचं मी दोन पानं टाळते आहे.

नदीपलीकडे गेली, अलोंग. ज्यांना आपण "पलीकडची माणसं" म्हणतो. आपल्या प्रत्येक लग्नात, मयतीत, ईदेला येतात, मांसाचं रेन्दांग शिजवतात, भांडी घासतात आणि शेवटी मागच्या पडवीत जेवतात. का येतात, हे आपण कधी विचारलं नाही. थोरल्या मुलाचा नातू म्हणजे जमहारी.

हो, तोच जमहारी. ज्याच्या घरून माझ्यासाठी मागणीची विड्याची तबकं आली होती, आणि आबांच्या सांगण्यावरून तुम्ही ती न उघडता परत नेऊन दिलीत. "वंश बघावा लागतो, बुसू," असं म्हणाला होतात. मी तेव्हा काही बोलले नाही. कमारुलशी लग्न केलं, ते वाईट नव्हते, अल्ला त्यांना शांती देवो. जमहारीलाही बायको चांगली मिळाली, नातवंडं झाली. त्याबद्दल आता काही म्हणणं नाही. पण वंश बघायचाच होता, तर जरा नीट तरी बघायचा!

तर वंशावळ अशी: राम्बाई, तिची पाच मुलं, आणि थोरली पाती नदीपलीकडची. हीच छापायची असेल तर पाठवते. दुसरी माझ्याकडे नाही.

वहिनींना सलाम. उत्तर लिहून पाठवा. अंगठा नको.

तुमची धाकटी,
बुसू

◆

कांपुंग मेरांती
१३ जून २०१९

अलोंग,

सलाम. ईद मुबारक म्हणायचं राहिलं होतं, ते म्हणून टाकते.

तुमचा फोन आला तेव्हा मी समजून घ्यायचा प्रयत्न केला. "जुनी माणसं काहीही बोलतात, सणासुदीला कशाला, पुढच्या वर्षी बघू." ठीक. मग ऐन मेळाव्याच्या दिवशी तुमची पाठ धरली आणि तुमच्याऐवजी तुमचा फिक्री आला, काखेत बॅनर घेऊन. सोनेरी अक्षरं, गलबताचं चित्र, "सुमात्राची राजकन्या सिती". म्हणजे मी विचारत बसले, डोंगर चढले, आणि तुम्ही बॅनरवाल्याला केव्हाच होकार देऊन मोकळे. मग मला कामाला लावलंत कशाला? बिचाऱ्या फिक्रीला काही माहीत नव्हतं. त्याने ते दोन नारळींच्या मध्ये बांधलं आणि मला म्हणतो, "आत्या, छान दिसतंय ना?"

मी सरळ मागे स्वयंपाकाकडे गेले. जमहारी मोठ्या कढईत उलथनं फिरवत होता, शेजारी त्याचा मुलगा लेमांगचे भात भरलेले बांबू फिरवत होता. मी म्हटलं, "जमहारी, आज तुम्ही सगळे पुढे बसायचं. आधी तुम्ही जेवायचं."

"रेन्दांग करपेल," तो म्हणाला.

"करपू दे. मला तुला काहीतरी सांगायचंय. आपली पणजी..."

"एकच आहे," तो म्हणाला. "माहीत आहे."

त्याचा हात थांबला नव्हता.

"आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, बुसू. माझी आई सांगायची. ओन्यांग ईदेला नदीच्या अलीकडे उभी राहायची, तिकडून तिची दोन पोरं बघायची. पाण्यात उतरायचा तिला धीर व्हायचा नाही. म्हणून मग तीच दोघं इकडे यायला लागली. कामाच्या निमित्ताने. चुलीपाशी तेवढीच आई भेटायची. आम्ही आलो ते तिच्यासाठी. तुमच्यासाठी नाही."

"मग बोलला का नाहीस? तबकं परत आली तेव्हा तरी..."

"बोललो होतो," तो म्हणाला. "तुझ्या भावाला. आमच्याच अंगणात. म्हटलं, वंश काय बघताय, एकाच बाईची पणतवंडं आपण. त्याने तबकं खाली ठेवली आणि म्हणाला, हे पुन्हा बोललास तर तुमच्यातल्या कुणालाही आमच्या दारात उभं करणार नाही. आई तेव्हा जिवंत होती. तिला दरवर्षी ओन्यांगच्या कबरीवर जायचं असायचं. म्हणून गप्प बसलो."

अलोंग, मी हे तुम्हाला शांतपणे लिहायचं ठरवलं होतं, आणि तीन कागद फाडलेत. तुम्हाला माहीत होतं. आबांनी खोटं सांगितलं ते शाळेतल्या पोरांच्या चिडवण्यापायी, ते मी समजू शकते. तुम्ही ते सोनेरी अक्षरांत छापलंत, खरं काय ते माहीत असून. आणि मला बंदराचं नाव शोधायला लावलंत!

पुढचं थोडक्यात. मी जेवणाची जागा झाडत बसले होते, कारण मला दुसरं काही सुचेना. तेवढ्यात मक तेह खुर्चीतून ओरडली, "फिक्री, ते गलबत उतरव. माझ्या आजीला पाण्याची भीती वाटायची." सगळे हसले. मग ती हसत नाहीये हे दिसलं तसे गप्प झाले. तिने सगळं सांगितलं. टोपली, पोतं, नाव, आंदण. दिलेल्या दोन मुलांची नावंही घेतली, मात आणि सेमान, चांगली मोठ्याने, दोनदा. शाह आलम शहरातले आपले चुलत भाऊ न जेवता गाडीत बसले. चुलत बहीण रोहानीने मला बाजूला घेऊन विचारलं, आता डोंगरातल्या जमिनीत आपला हिस्सा निघेल का. मी तिला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. सण आहे.

जमहारीची माणसं पुढे आली नाहीत. मी पुष्कळ सांगितलं. शेवटी मक तेह म्हणाली, "माझी खुर्ची मागे न्या." फिक्रीने आणि मी ती खुर्चीसकट उचलून पडवीत नेली. मग एकेक करून बाकीचे आपापली ताटं घेऊन मागे आले. सगळे नाही. निम्मे म्हणा. दाटीवाटीने बसलो. रेन्दांग खरंच थोडं करपलं होतं, आणि जमहारीने ते मला दोनदा ऐकवलं.

संध्याकाळी कबरीवर गेलो. इमाम जरा अडखळले, मग त्यांनी दुआत राम्बाईचं नाव घेतलं. जुलिता आली होती, बाजूला उभी राहिली. वाह केलोह आली नाही. पाचांपैकी दोन दिली होती, हे मी जुलिताकरवी तिला आधीच कळवलं होतं. तिचा निरोप जुलिताने तिथेच सांगितला: "मग आता कळलं. आमच्या घरात म्हणायचे, ती पळून परत का आली नाही, विसरली आम्हाला. पोरांना टाकून कशी येणार होती?"

फिक्री सबंध वेळ तुम्हाला फोन लावत होता. तुम्ही उचलला नाहीत.

तुम्ही आता म्हातारे झालात, मीही झाले, आणि मला भांडण लांबवायचं नाही. पण नुसतं "झालं गेलं" असं म्हणून फोन करू नका. मी उचलणार नाही. गावी या. आधी माझ्याकडे नाही, नदीपलीकडे जा. जमहारी जेवायला वाढेल की दारातून परत पाठवेल, मला माहीत नाही. त्याने परत पाठवलं तर तो त्याचा हक्क आहे. थोरल्या घरचा तो आहे.

"अलोंग" म्हणजे घरातला सगळ्यात मोठा. सवयीने वर तसंच लिहून गेले. इथे खाली विचार करून लिहिते.

बुरहान, तुझी बहीण,
सादिया