चिमी आता बाबांचाही हात धरते

प्रिय माऊ,

हे फोनवर बोलायला चार वेळा घेतलं, पण तू "बरं आई, ठेवते" म्हणालीस की मलाच सुटल्यासारखं व्हायचं. म्हणून लिहायला बसलेय. मावशीला म्हणावं, बाळंतपणात उठून कामाला लागू नकोस, माऊला त्यासाठीच तर पाठवलंय.

तू रोज विचारायचीस, चिमी जेवली का? मी हो म्हणायचे. खोटं होतं ते. तू गेल्यावर तीन दिवस तिनं घास घेतला नाही. तिला दिसत नाही, ऐकू येत नाही. अकरा वर्षांत तिचं जग म्हणजे तुझे दोन हात आणि माझे दोन. तिसऱ्या कुणाचा हात आला की ती चावायची. बाबांचा अंगठा असा फोडलाय की म्हणाले, एवढी वर्षं सुतारकाम करतोय, करवतीनंसुद्धा इतकं लागलं नाही कधी!

मंगळवारी शिकवायला येणाऱ्या बाई आल्या. वाटलं, म्हणतील मोठीला बोलावून घ्या. त्या म्हणाल्या, "अहो, पोर हट्टी नाहीये. ताई कुठे गेली हे तिला कुणी सांगितलंय का?" आता हिला सांगायचं तरी कसं? बाईंनी बाबांकडून कप्प्यांची पेटी करून घेतली. कप्प्यांत दिवसभराची कामं ओळीनं: टॉवेल म्हणजे अंघोळ, चमचा म्हणजे जेवण. काम संपलं की ती वस्तू खालच्या खणात टाकायची. पहिल्या कप्प्यात तुझी रिबीन ठेवली. चिमीनं ती हुंगली, गालाला लावली. मग बाईंनी तिच्या हाताखाली आपला हात धरून ती खालच्या खणात ठेवायला लावली, म्हणजे ताई आत्ता घरात नाही. चिमीनं चार वेळा बाहेर काढली. पाचव्यांदा नाही काढली. माझ्या पोटात तोंड खुपसून रडली गं. मला आपलं वाटायचं, ही फक्त भुकेला रडते.

त्यानंतर बाबा आले की आधी कानामागची पेन्सिल तिच्या हातात द्यायचे, म्हणजे तिला कळावं कोण आलंय. बाराव्या दिवशी त्यांच्या हातून तिनं एक घास घेतला. आता ती त्यांचा हात धरून खालपर्यंत जाते. तळमजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंना ती सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेल्या टोपणावरून ओळखते. त्यांच्याकडे तासभर बसून बटणं निवडते, लहान वेगळी, मोठी वेगळी. काकू म्हणतात, माझ्यापेक्षा हिची निवड चोख.

परवा बाईंनी सहज विचारलं, तुमच्यानंतर हिचं कोण बघणार? मी लगेच तुझं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला विचारलंत?" मी म्हटलं, विचारायचं काय, तिनं शब्द दिलाय. शब्द दिलास तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस, माऊ. मला तापानं उठवत नव्हतं आणि तू म्हणालीस, आई, तू नसलीस तरी मी आहे ना. ते मी असं घट्ट धरून बसले, जसं काही कोर्टात लिहून दिलंयस.

आता खरं सांगते. गेल्या वर्षी नर्सिंगच्या कॉलेजात तुझा नंबर लागला होता. पोस्टमननं पत्र माझ्याच हातात दिलं. मी ते मुदत टळेपर्यंत पिठाच्या डब्याखाली दडवून ठेवलं. पत्र आलंच नाही म्हणून तू दोन दिवस दारात बसून होतीस, तेव्हा मीच वर तुझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, नशिबात नसतं एखाद्याच्या. काल बाबांना सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत; पण आज सकाळी जाऊन यंदाचा फॉर्म घेऊन आलेत. तो आणि ते जुनं पत्र सोबत पाठवतेय. महिनाअखेर शेवटची तारीख आहे. मावशीकडे असतानाच भर, मला विचारायला येऊ नकोस. तुझा शब्द मी तुला परत केला. चिमीला भेटायला ये, तिला सांभाळायला नको. माफ कर असं म्हणायला तोंड नाही मला. राग येईल, यायलाच हवा. फक्त आधी फॉर्म भर, मग हवं तितकं रागाव.

तुझीच,
आई