दारावरच्या बाईला खोटं सांगितलंस

सोलापूर, सोमवार

चि. शिवशंकर,

शनिवार, ३ जुलै १९७६, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू खोटं बोललास.

चि. लिहून गेले आणि मग लक्षात आलं. धाकट्या भावाला जन्मभर चि. लिहीत आले, हात आपोआप वळला. आता खोडून कै. लिहायला हवं. नाही लिहिणार. कै. झालेल्या माणसाशी भांडता येत नाही, आणि मला तुझ्याशी भांडायचं आहे.

काल कॉलेजात तुझी शोकसभा झाली. पहिल्या रांगेत मी आणि तुझी शांता. तुझे प्राचार्य म्हणाले, "एका परिचारिकेच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे औषधशास्त्राचा सूर्य मावळला." सूर्य! टाचेला गळू झालेला सूर्य! नर्सिंग होममध्ये पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलंस आणि पाहता पाहता गेलास, एवढं खरं. पण हलगर्जीपणा कोणाचा, हे त्या खोलीतल्या दोनच माणसांना ठाऊक. एक तू. दुसरी पद्मा, जिच्या हातात सुई होती. तुला हार घातलाय. तिला नर्सिंग होमनं घरी बसवलंय. शुक्रवारी चौकशी आहे, आणि तिथं ती दोषी ठरली की या गावात तिला कोणी दारात उभं करणार नाही.

तुला माती देऊन आलो त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली होती. पूर्व भागातल्या विणकर घरातली पोर, नर्सिंग स्कूलमध्ये माझ्या हाताखाली शिकलेली. ओसरीवर उभीच राहिली, बसेना.

"विचारलंस का त्याला?" मी म्हटलं.

"विचारलं की, बाई! तुमच्या चित्रातलं जसंच्या तसं विचारलं. हे औषध आधी कधी घेतलंय का, घेतल्यावर अंगावर काही उठलं होतं का. सर लई हसले. म्हणाले, 'अरे, ही तर आमच्या अक्काची दारावरची बाई! मला कधी काही उठत नाही. टोच.' मी म्हटलं, सर, आधी हातावर थेंबभर टोचून बघते, जरा थांबा. तर म्हणाले, 'तुझ्या बाईंना शिकवणारा मी. मला अकराला लेक्चर आहे.'"

मला शिकवणारा? तुला पाढे कोणी शिकवले रे?

तिलाही मी सोडलं नाही, हे तुझ्या माहितीसाठी. "मग सुई खाली ठेवायची होतीस," म्हटलं. "पण बाई, ते सर हायत..." "पलंगावर आडवा पडला की तो पेशंट, गाढवे! सर वर्गात!" रडली. रडू दिलं. तुला उतारा म्हणून अ‍ॅड्रेनलिन तिनंच दिलं होतं, डॉक्टर जिना चढून येण्याच्या आत. तुझ्या शोकसभेत याचा कोणी उच्चार केला नाही.

माझ्या चित्रांना तू किती हसलास, शिवा!

कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला संतांच्या तसबिरी दाखवायच्या. चेहरे सगळ्यांचे सारखे. ओळखायचं हातातल्या वस्तूवरून: एकाकडे किल्ल्या, एकीजवळ चाक, एकीच्या तबकात स्वतःचेच डोळे. आपल्या देवांचंही तेच, वाहनावरून देव कळतो. नर्सिंग स्कूलमध्ये मुली औषधांची नावं घोकून घोकून रडायच्या, तेव्हा मी प्रत्येक अँटिबायोटिकच्या हातात एकेक वस्तू दिली आणि सकाळी वर्गाच्या उंबऱ्याशी शहाबादी फरशीवर रांगोळी काढायला लावली. एक दिवस, एक औषध. संध्याकाळी पुसायची, पुढच्या आठवड्यात न बघता पुन्हा काढायची. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर रांगोळ्या काढणाऱ्या मुली या, त्यांचा हात कशाला अडतोय? स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे तळहातावर कानातली कुडी घेऊन बसलेली बाई, कारण ते कान घेतं. टेट्रासायक्लिन म्हणजे पिवळ्या दातांचं मूल आणि उपडा दुधाचा पेला, कारण ते मुलांचे दात पिवळे करतं आणि दुधाबरोबर घ्यायचं नसतं. क्लोरॅम्फेनिकॉल म्हणजे कोरडी विहीर, हाडाच्या पोकळीतलं रक्त तयार व्हायचंच थांबतं म्हणून. बहात्तरच्या दुष्काळात काढलेली ती विहीर एकही मुलगी विसरली नाही.

आणि पेनिसिलिन म्हणजे दारावरची बाई. हातात दिवा, मागे पडकी भिंत, कारण ते जंतूची भिंत पाडतं. दिवा पाहुण्याच्या तोंडावर धरून ती विचारते, आधी आला होतात का? तेव्हा काही झालं होतं का? उत्तर मिळेपर्यंत दार उघडत नाही.

"अक्का, रांगोळीनं जंतू मरत नाहीत." हे तू माझ्या निवृत्तीच्या चहाला सगळ्यांसमोर म्हणालास. "रेणूची रचना काढता येत नाही म्हणून बायका-पोरं काढत बसलीस." लोक हसले. मीही बशीतला चिवडा संपवला. तेव्हा सांगितलं नाही, आता ऐक. तुझी एमबीबीएसची पोरं परीक्षेच्या आधी मागच्या बोळातून माझ्या ओसरीवर यायची. चपला आत घ्यायची, तुला दिसू नयेत म्हणून. त्यातल्या कितींना तू तोंडी परीक्षेत "शाबास" म्हणालास!

पण तू हसलास म्हणून हे पत्र नाही. बार्शीसाठी आहे.

आठवतं ना? मावशीच्या सुमनचं लग्न. तू नुकताच लेक्चरर झालेला, मानेवर केसतूड. स्वतःच्या हातानं पेनिसिलिन टोचून घेतलंस आणि अक्षता पडायच्या आत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. काकांच्या आडतीमागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांना टेकून बसला होतास, आणि मी डॉक्टरांना आणायला तशीच नेसत्या शालूत धावले होते. दैव बलवत्तर म्हणून वाचलास. बोलता यायला लागल्यावर पहिलं वाक्य काय होतं तुझं? "अक्का, कुणाला सांगू नकोस. शपथ घे. औषधं शिकवणारा औषधानंच सुजला म्हणून पोरं वर्गात शिट्ट्या मारतील."

घेतली शपथ. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून घेतली. शांतालासुद्धा कधी सांगितलं नाही.

म्हणजे तुला माहीत होतं! पद्माला नव्हतं, डॉक्टरला नव्हतं, तुला होतं. नेमका प्रश्न समोर आला, नेमक्या वेळी आला. एक "हो" म्हटलं असतंस तर दुसरं औषध मिळालं असतं आणि अकराच्या लेक्चरला लंगडत का होईना पोचला असतास. 'नाही' का म्हणालास? विसरलास, हे मला सांगू नकोस. पोत्यांचा वास आला तरी तू पुढे कित्येक वर्षं गळ्याशी हात न्यायचास. पोरगी माझी, प्रश्न माझा. माझ्या रांगोळीतल्या बाईला "हो" म्हणायचं तुझ्या जिवावर आलं. जिवावर!

परवा शांताला मी बार्शीची हकीकत सांगितली. तिनं पदरात तोंड घातलं. मग म्हणाली, "अक्का, गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढता? ती पोर तरुण आहे, दुसरीकडे लागेल कुठं तरी."

"शांता," मी म्हटलं, "माणूस मारला असं लिहिलेल्या पोरीला कोण ठेवून घेईल? तू ठेवशील?"

तिनं चहा तसाच पडू दिला. तिचा राग मी समजू शकते. तुझं 'नाही' समजत नाही.

आज सकाळी ओसरीवर शिकायला पाच मुली आल्या; निवृत्त झाले तरी येतात. पेनिसिलिनचा दिवस नव्हता, तरी काढायला लावलं. दारावरची बाई नेहमीसारखी काढली, आणि तिच्यासमोर पाहुणा म्हणून तुला. जाड चष्मा, कोट, टाचेला पट्टी. एकीनं विचारलं, "बाई, हे कोण?" मी म्हटलं, "हे 'नाही' म्हणतात. यांच्या हातावर आधी थेंब टोचायचा, गाठ येते का बघायची, मगच दार. कोट जितका भारी, तितकं जास्त थांबायचं." मुलींनी तुझ्या चष्म्याला पांढरी रांगोळी घातली. बरा दिसत होतास. संध्याकाळी पुसताना झाडणी माझ्या हातून चालेना, शेवटी एका मुलीनं पुसलं.

आणखी एक. येत्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी भावासाठी उपवास धरणार नाही. इतकी वर्षं धरला, त्याचं तू काय केलंस ते दिसलं. सकाळीच भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन बसणार आहे, पोटभर.

आता वचन देते आणि थांबते. शुक्रवारी मी त्या चौकशीत जाणार आहे. बार्शीचं सगळं सांगणार आहे, गांधींपासून शपथेपर्यंत. तुझे प्राचार्य समोर असतील, शांता असेल. शपथ मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर राहू दे. पद्मा कामावर परत जाईपर्यंत मी त्या खुर्चीवरून उठणार नाही, आणि माझ्या बसण्याची ताकद तुला लहानपणापासून माहीत आहे.

यावर तुझं काही वेगळं म्हणणं असेल, तू खरंच विसरला होतास किंवा तिनं तुला विचारलंच नव्हतं, तर तसं लेखी कळव. शुक्रवार, १६ जुलै, सकाळी अकराच्या आत. अक्षर तुझं हवं, खाली सही हवी. स्वप्नात येऊन तोंडी सांगितलेलं मी धरणार नाही. तरी यायचं असेल तर ये.

तुझी थोरली बहीण,
अक्का