लाल ओळ

नाटे, ११ ऑक्टोबर २०२५

ती. जनीआत्यास,
अक्षयाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि ही गोष्ट दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर जायला नको, म्हणून भागोजी कंडक्टरच्या हाती चिठ्ठी देते आहे.

मी वेबसाइट करायला शिकते आहे, हे तुला ठाऊक आहेच. वाचनालयातलं पुस्तक संपलं, रत्नागिरीची दोन दिवसांची कार्यशाळा झाली, उरलेलं मोबाईलवरचे धडे बघून. मच्छीमार सोसायटीने पहिलं काम दिलं. कुठली होडी समुद्रात, कुठली परतली, कुठली बेपत्ता, हे सगळ्या बंदरांना दिसेल असं पान. बेपत्ता होडीची ओळ लाल व्हायला हवी. होते का ते पाहायला एक नाव हवं होतं. बोटांना सवयीचं म्हणून आपल्या ‘भाग्यरेखा’चंच टाकलं. आईने मागून पाहिलं आणि मटकन खालीच बसली. वास्तू तथास्तु म्हणते, म्हणाली. बाबा हसले, होडीत बर्फ भरला नि पहाटे समुद्रावर गेले. सोमवारी परततील. ओळ अजून तशीच आहे, पुसू का?

तुझा हात डोक्यावर असू दे.
अक्षया

भाट्ये, १२ ऑक्टोबर

चि. अक्षया हिस, अनेक आशीर्वाद.

शिकलीस खूप गो, पण अक्कल वाचनालयातच ठेवून आलीस! जगात एवढी नावं, तुला बापाचीच होडी सापडली? आधी ती ओळ पूस. आणि पुढे काहीही झालं तरी दादाच्या होडीचं नाव तिथे लिहायचं नाही, तुला माझ्या गळ्याची शपथ. दादा आला की दोन बांगडे माझ्या नावाने खा.

माया आहेच, ती कागदावर किती लिहू?
जनीआत्या

नाटे, १६ ऑक्टोबर

ती. आत्यास, सा. न.

बाबा सोमवारी आले नाहीत. फोन लागत नाही. मंगळवारी सकाळी चेअरमन म्हणाले, पोलिसांना कळवलं आहे, तू पानावर नाव घाल, होड्या हाकणारे तांडेल लोक बघतात. मला तुझी शपथ आठवली. नेट बंद आहे म्हणून खोटं सांगितलं. कालही तेच सांगितलं.

आज सकाळी शपथ मोडली, नाव घातलं. पंधरा मिनिटांत हर्णै बंदरातल्या एका तांडेलाचा फोन आला. मंगळवारी संध्याकाळी त्याला ‘भाग्यरेखा’ दिसली होती. इंजिन बंद होतं, एक माणूस हात करत होता. तांडेलाला वाटलं, रामराम करतोय. त्यानेही हात केला आणि पुढे गेला. त्याच दुपारी त्याने आमचं पान पाहिलं होतं. त्यात लाल काही नव्हतं.

त्या जागी आज चार होड्या जाऊन आल्या. काही दिसलं नाही. मी खोटं बोलले, हे आईला अजून सांगितलेलं नाही. मला फार भीती वाटते आहे, आत्या.

अक्षया

भाट्ये, १७ ऑक्टोबर

चि. अक्षया, आशीर्वाद.

चिठ्ठी सकाळच्या गाडीने पाठवते, मी दुपारच्या गाडीने येते. आई, चेअरमन, कोणीही विचारलं तर माझं नाव सांग. शपथ मी घातली होती. तोवर रडत बसू नकोस. दादाचा फोटो घाल, होडीचा नंबर घाल, ओळ मोठी कर, आणखी लाल कर. दादा सापडू दे. मग त्याने मला जन्मभर बहीण म्हटलं नाही तरी चालेल.

तुझीच,
जनीआत्या