झोपताना न सांगणारा लॅपटॉप

प्रिय धम्मा,

एका गंभीर अन्यायाचं गाऱ्हाणं तुझ्या दरबारात मांडतो आहे. आरोपी, माझा नवा लॅपटॉप. आरोप असा की हा गृहस्थ झोपायला जाताना सांगून जात नाही. घरी आलेला पाहुणासुद्धा 'जरा पडतो' म्हणून आत जातो. याला तेवढीही रीत नाही. फिर्यादी तुझा वसतिगृहातला शेजारी निवृत्ती, संस्कृतचा मास्तर, मुक्काम मलकापूर. साक्षीदार विमल, पण ती बायको असल्यामुळे माझ्या बाजूने बोलेल याची खात्री नाही. तू म्हणशील, एवढ्यासाठी पत्र? फोन काऊन नाही केला बे? तर आमच्याकडे सध्या रेंजचा फार घोळ आहे. शिवाय तुझा स्क्रीन रीडर हे पत्र तुला घोडदौडीच्या वेगाने वाचून दाखवील आणि पाच-सात मिनिटांत माझ्यापासून तुझी सुटका होईल.

तू शिकवलेली पद्धत मी सूत्रासारखी पाठ केली आहे. आधी फाईल सेव्ह करायची, ऑनलाईन वर्ग बंद करायचा, मग विंडोजची कळ आणि एक्स, मग यू, मग एस. ऑल्ट-एफ-फोरच्या वाटेला जायचं नाही, तिथे घाईने एंटर दाबलं तर झोपेऐवजी थेट समाधी लागते. एस दाबला की हात काढून घ्यायचा, पंख्याचा आवाज थांबू द्यायचा, आणि मगच झाकण लावायचं. डोळस माणसाला एवढा सोपस्कार लागत नाही, पडदा काळा झाला की तो उठतो. आपण दोघं जन्मापासून त्या बाबतीत कोरे, आपल्याला सगळे दिवस सारखेच काळे. माझा स्क्रीन रीडर, ज्याच्या आवाजाला मी आदराने 'बाई' म्हणतो, एस दाबल्यावर गप्प होतो. पण बाई अडकल्या तरी गप्पच होतात. मग ही शांतता झोपेची की रुसव्याची? परीक्षा घ्यायला कळ दाबावी तर झोपलेला असला तर जागा होतो, आणि जागा असला तर माझ्या टिपणात भलतंच अक्षर पडतं. जागृती, स्वप्न आणि सुषुप्ती या तीन अवस्था मी वर्षानुवर्षं पोरांना समजावतो आहे, पण समोरचं यंत्र त्यातल्या कोणत्या अवस्थेत आहे ते मला सांगता येत नाही.

हसू नको. माझी पुस्तकं, मुलांचे पेपर, संध्याकाळचा वर्ग, सगळं या यंत्राच्या तोंडून माझ्या कानात येतं. हा व्यवहार बंद पडला तर मास्तरकीही बंद. म्हणून चिडचिड होते.

मागच्या महिन्यात काय झालं ते ऐक. वर्ग संपला, मी यथाविधी कळा दाबल्या, बाई गप्प झाल्या. लॅपटॉप झोपला असं धरून मी विमलला म्हटलं, आपले रंगराव विसर्ग असा उच्चारतात जसा नांगर ओढून आलेला बैल उसासा टाकतो. रंगराव म्हणजे इथले कापसाचे व्यापारी, साठीनंतर हौसेने संस्कृत शिकताहेत. लॅपटॉप जागा होता, वर्ग बंद करायची कळही नीट लागली नव्हती, आणि वर्गातून कोणी उठलं नव्हतं. रंगरावांनी विमललाच फोन केला आणि अगदी शांतपणे निरोप दिला, "सरांले सांगा वहिनी, बैल वाट चुकत नाही." दुसऱ्या दिवशी ते वेळेवर वर्गात हजर, आणि मीच उसासे टाकत होतो.

नंतर नांदुऱ्याला व्याख्यानाला गेलो. लॅपटॉप 'झोपवून' पिशवीत घातला आणि बसमध्ये मांडीवर घेऊन बसलो. थोड्या वेळाने मांडी चुलीजवळ बसल्यासारखी शेकायला लागली. शेजारच्या बाईंनी विचारलं, भाऊ, डब्यात गरम गरम काय आणलं? पिशवीच्या आत तो सबंध रस्ता जागाच होता. पोचलो तेव्हा बॅटरी संपलेली, आणि मी समोरच्या लोकांना आठवेल ते सांगून वेळ मारून नेली. टाळ्या वाजल्या, नेहमीपेक्षा जरा कमीच वाटल्या.

मग त्याला दुरुस्तीला नेलं. दुकान चालवणाऱ्या समीक्षाताईंना म्हटलं, याचा पंखा मुका आहे, तो कधी थांबतो हे कळत नाही. त्या म्हणाल्या, उलट सर, नवा असूनही धूळ साचून हा जास्तच घरघरतो आहे. मला वाटलं, साफसफाईचे पैसे लावायची ही प्रस्तावना. साफ करून घेतला. घरी आणला, टेबलावर ठेवला, एस दाबला, हात मागे घेतला आणि ऐकत बसलो. पूर्ण शांतता. मोठ्या समाधानाने झाकण लावायला हात पुढे केला, तर विमल भाजी चिरता चिरता म्हणाली, "थांबा ना, वाजून राह्यला तो. तुम्हाले ऐकू नाही येत काय?"

मी म्हटलं, येतं ना, गंमत करत होतो. तिने विळी बाजूला सारल्याचा आवाज आला, की आला असेल असं मला वाटलं. 

तुला आपल्या वसतिगृहातली दुपारची सक्तीची विश्रांती आठवते? कोण खरंच झोपलाय आणि कोण सोंग करतोय, हे मी नुसत्या श्वासावरून सांगायचो. तू घोरण्याचं इतकं सुरेख नाटक करायचास, तरी मला कधी फसवू शकला नाहीस. पुढे वर्गात शेवटच्या बाकावरचा पोरगा 'श'च्या जागी 'स' म्हणाला तरी मी टेबलापाशी बसून त्याचं नाव घ्यायचो. हल्ली मुलं पुटपुटतात म्हणून त्यांना परत परत म्हणायला लावतो. बाईंचा आवाज नव्या लॅपटॉपमध्ये बिघडलाय म्हणून त्यांचा वेग कमी केला, मग आणखी कमी केला. मागे शेगावला तू मला घ्यायला आलास, तेव्हा स्टेशनवरच्या घोषणा कोणालाच कळत नाहीत असं मी म्हणालो. तू विषय बदललास. तुला कळल्या होत्या ना?

विमलने पंख्यावरून टोकलं त्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी लॅपटॉप चालू केला आणि त्याच्या जाळीला कान लावून बसलो. उजव्या कानाला थोडं काहीतरी ऐकू आलं. डाव्या कानाला जाळीतून येणारी गरम हवा लागत होती, आवाज नव्हता. आता मी पंखा असाच ओळखतो, जाळीवर तळहात धरून. हवा थांबली की झाकण लावतो. यंत्राचा प्रश्न सुटला, तक्रार मागे घेतो.

रेंज चांगली आहे, धम्मा. तू फोनवर बोलतोस त्यातलं निम्मं मला लागत नाही आणि मी नुसतं हाव हाव म्हणत राहतो, म्हणून हे लिहिलं. अकोल्याला कान तपासायला जायचं आहे. विमलला अजून सांगितलेलं नाही. तिला सांगितलं की ते खरं होईल. तू नागपूरहून ये, आपण दोघं जाऊ. तिथे डॉक्टर जे सांगेल ते मला नीट ऐकू आलं नाही तर ऐकायला कोणी तरी हवं. डोळे मला कधी नव्हतेच, त्यामुळे ते गेल्याचं दुःख मला माहीत नाही. कान होते. ते गेले तर विमल घरात आहे की नाही हे मला कशावरून कळेल, या विचाराने मला फार भीती वाटते.

तुझाच,
निवृत्ती